पाडव्याची रात्र, फायनलची गच्ची

लंडनमध्ये लिग ऑफ लेजंड्सची वर्ल्ड फायनल, सोलापुरात दिवाळी पाडवा आणि दोघांच्या मध्ये लटकणारं एक कोरं कापड... एका जागरणाची ही गोष्ट!

सोलापूर म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? चादर. मग टॉवेल. त्यानंतर शेंगाचटणी आणि कडक भाकरी. फार तर संक्रांतीची गड्ड्याची जत्रा आणि ते डोक्यात जाणारं ऊन. बस्स, यादी संपली. या यादीत ‘ई-स्पोर्ट्स’ हा शब्द घुसवायचा म्हटलं तर पुण्या-मुंबईतली मंडळी फिस्सकन हसतील. ते सोल, शांघाय, लंडनवाल्यांचं काम! तिथे स्टेडियमं भरतात, लेझर लाइट्स फिरतात, रॉक बॅण्ड येतात. सोलापुरात काय येतं? पाणी. तेसुद्धा चार-पाच दिवसांआड.

पण बॉस, फायनल बघायची मजा स्टेडियमवर थोडीच अवलंबून असते? ती कुणाबरोबर बघताय यावर असते. क्रिकेटच्या बाबतीत आपल्याला हे पाठ आहे. कॉम्प्युटर गेमच्या बाबतीतही अगदी तेच असतं, हे मला सोलापूरच्या जुन्या पेठेतल्या एका गच्चीवर कळलं. तारीख २ नोव्हेंबर २०२४, वार शनिवार. कॅलेंडरवर दिवाळी पाडवा. आणि लंडनच्या ओ-टू अरीनात लिग ऑफ लेजंड्सच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपची फायनल. कोरियाचा टी-वन विरुद्ध चीनचा बिलिबिली गेमिंग.

चिमण्या, माग आणि पाच पोरं

खरं तर मी गेले होते भाऊबीजेला. पुण्याहून रेल्वेने निघालात की दौंडनंतर भिगवणच्या आसपास उजनीचं पाणी दर्शन देतं, कुर्डुवाडीला चहावाले चढतात, मोहोळ गेलं की माणसं बॅगा खाली काढायला लागतात. स्टेशनबाहेर पाऊल टाकलं की रिक्षावाला मराठीत भाव सांगतो, शेजारच्याशी कन्नडमध्ये भांडतो आणि मोबाइलवर तेलुगूत बोलतो. हे गाव मुळातच मल्टिप्लेयर आहे!

एकेकाळी इथे कापडगिरण्यांचा भोंगा झाला की गाव उठायचं. गिरण्या बंद पडल्या, पण पूर्व भागातले यंत्रमाग चालूच राहिले. तेलंगणातून पिढ्यांपूर्वी आलेल्या पद्मशाली विणकरांनी ही चादर जगभर नेली. आत्याचं घर याच भागाच्या कडेला आहे. एरवी तिथे झोपायचं म्हणजे शेजारच्या मागांच्या खटक-खटक तालावर झोपायचं. पाडव्याला मात्र माग बंद. इतकं शांत की नवख्या माणसाला बरं वाटावं आणि आत्याला चुकचुकल्यासारखं व्हावं.

आमचा आत्येभाऊ तेव्हा बावीस वर्षांचा. इंजिनीअरिंग नुकतंच संपलेलं. त्याची पाच जणांची गँग आहे. कॉलेजजवळच्या एका सायबर कॅफेत तासाच्या हिशोबाने बसून ही पोरं लिग ऑफ लेजंड्स खेळायला शिकली. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये त्या कॅफेचं शटर पडलं ते पडलंच. मग यांनी जुने कॉम्प्युटर जोडून, रॅम वाढवून, घरच्यांना ‘ऑनलाइन लेक्चर आहे’ सांगून गाडं चालू ठेवलं. पिंग शंभरच्या खाली आला की त्या दिवशी पार्टी! भारतात मोबाइल गेमचा बोलबाला. पबजीवर २ सप्टेंबर २०२० ला बंदी आली, २०२१ मध्ये तो बीजीएमआय होऊन परतला, २०२२ मध्ये पुन्हा गायब झाला, २०२३ मध्ये पुन्हा आला. या सगळ्या उलथापालथीत ही पाच पोरं आपल्या पीसी गेमला चिकटून. ‘ते सगळे पळून गोळ्या मारतात, आम्ही डोकं लावतो,’ असा त्यांचा माज.

पण या फायनलला एक वेगळीच किनार होती. सोमवारी, ४ नोव्हेंबरला, भावाचं हिंजवडीत जॉइनिंग होतं. एक जण त्याच आठवड्यात हैदराबादला मामाकडे नोकरीसाठी निघाला होता. एकाला बंगलोरचं ऑफर लेटर आलं होतं. एक बँकेच्या परीक्षांसाठी पुण्याला क्लास लावणार. आणि पाचवा सोलापुरातच, वडिलांच्या मागांवर. पाच जणांचा गेम आणि पाचातले चार गाव सोडणार. त्या रात्री हे कुणी बोललं नाही. पण ‘आज सगळे पाहिजेतच बे’ हे वाक्य मी दिवसभरात किमान दहा वेळा ऐकलं.

पडदा कोरा हवा

प्रोजेक्टर लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका मित्राकडून आला. स्पीकर गणपती मंडळाचे. आता पडदा? भावाने कपाटातून सोलापुरी चादर काढली. सगळे त्याच्यावर तुटून पडले. त्या फुलाफुलांच्या नक्षीवर हीरो कुठला आणि फूल कुठलं, कळणार कसं? शेवटी शेजारचे मागवाले काका, म्हणजे पाचव्याचे वडील, आतून कोऱ्या कापडाचा तागा घेऊन आले. रंग नाही, नक्षी नाही. गच्चीच्या दोन खांबांना सुतळीने ताणून बांधला. काकांनी स्वतः हात फिरवून सुरकुत्या काढल्या. ‘कापड ताणायचं आम्हाला शिकवू नका,’ म्हणाले.

साडेसातच्या सुमाराला लंडनमध्ये दुपार असताना आमच्याकडे दिवे लागले. खाली आत्या पाडव्याचं औक्षण करत होती. वर पडद्यावर लिंकिन पार्कचा शो चालू झाला. आजूबाजूच्या गच्च्यांवरून रॉकेटं सुटत होती. कुठला धूर लंडनचा आणि कुठला सोलापूरचा, काही कळेना!

तीन रस्ते, एक गड

तुमच्यापैकी ज्यांनी हा गेम कधी पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी ही शॉर्टकट शिकवणी. भावाने आत्याला समजावली तीच देते. मैदानाच्या दोन कोपऱ्यांत दोन गड. गडांना जोडणारे तीन रस्ते: वरचा, मधला, खालचा. रस्त्यांच्या मध्ये जंगल. प्रत्येक रस्त्यावर बुरूज. दोन्हीकडे पाच-पाच खेळाडू, प्रत्येकाचं काम ठरलेलं. एक वरच्या रस्त्यावर, एक जंगलात, एक मध्ये, दोघं खाली. समोरच्याचे बुरूज पाडत त्याचा गड फोडायचा. फोडला की गेम जिंकला. फायनलमध्ये पाचातले तीन गेम जिंकणारा चॅम्पियन.

‘म्हणजे आपला भुईकोट पडला की संपलं,’ आत्या म्हणाली. एकदम करेक्ट.

‘आणि तू काय करतोस यात?’

‘मी सपोर्ट. खालच्या रस्त्यावर असतो. दुसऱ्याला वाचवायचं, त्याच्या वाटचं आपण खायचं नाही, वेळ आली तर आपण मरायचं.’

आत्या दोन क्षण त्याच्याकडे बघत राहिली. ‘मग घरात पाण्याची बादली उचलताना काय होतं?’ गच्चीवर हशा! हे वाक्य आमच्यावर उलटणार होतं, तेव्हा कुणाला माहीत होतं?

आत्याने आणखी एक प्रश्न विचारला, तो मात्र गंभीर होता. ‘यात पैसे लावतात का रे?’ गल्लीत ऑनलाइन रमीपायी झालेला एक तमाशा तिने पाहिला होता. भावाने शांतपणे सांगितलं की नाही, हा खेळ आहे, जुगार नाही. सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्सला क्रीडा स्पर्धांच्या चौकटीत मान्यता दिली आणि पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने जो ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यातही ई-स्पोर्ट्स वेगळे आणि पैसे लावायचे खेळ वेगळे अशी रेघ मारली. चीनमधल्या हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये, २०२३ साली, लिग ऑफ लेजंड्सला पदकं होती. भारताचा संघही गेला होता, उपांत्यपूर्व फेरीत व्हिएतनामकडून हरला. सुवर्ण कोरियाचं. आत्याचं समाधान झालं की नाही माहीत नाही, पण ती चकल्यांचा डबा घेऊन खुर्चीवर बसली ती हललीच नाही.

एक-शून्य, एक-एक, दोन-एक

पहिला गेम बिलिबिलीने खिशात घातला. गच्चीवर सुतक. टी-वन त्या वर्षी कोरियाची चौथ्या क्रमांकाची टीम म्हणून जेमतेम आत आली होती, समोर चीनची नंबर एक. ‘गेलं बे, गेलं,’ एकाने डिक्लेअर करून टाकलं. दुसरा गेम टी-वनने घेतला. सुतळी बॉम्ब! तिसरा पुन्हा बिलिबिलीचा. दोन-एक. आता एक हरले की खेळ खल्लास.

याच दरम्यान एक भानगड उघडकीला आली. हैदराबादवाला प्रत्येक मोठ्या क्षणाच्या आधीच ‘आईशप्पथ!’ ओरडत होता. पठ्ठ्या मांडीवर मोबाइल ठेवून वेगळं स्ट्रीम बघत होता आणि ते आमच्यापेक्षा आठ-दहा सेकंद पुढे धावत होतं. म्हणजे आम्हाला भविष्य आधी ऐकू येत होतं, आणि चित्र नंतर! मोबाइल जप्त करून शंकरपाळ्यांच्या डब्याखाली ठेवण्यात आला. लाइव्ह बघण्याची सगळी गंमत एकाच वेळी ओरडण्यात असते, हा नियम त्या रात्री सर्वानुमते पास झाला.

मागवाले काकांना ना गेम कळत होता, ना कॉमेण्ट्रीचं इंग्रजी. तरी मध्येच ते पुटपुटायचे, ‘आता काहीतरी होणार.’ आणि अर्ध्या मिनिटात पडद्यावर धुमश्चक्री! मी विचारलं, काका, तुम्हाला कसं कळतं? ते म्हणाले, ‘मागाजवळ जन्म गेला. धागा तुटायच्या आधी आवाज बदलतो. या लोकांचा पण बदलतो.’ त्यानंतर मी पडदा सोडून थोडा वेळ नुसतं ऐकत बसले. खरंच, कॉमेण्टेटरचा सूर आधी चढतो, लढाई नंतर पेटते.

नळ आला!

चौथा गेम सुरू. टी-वनच्या फेकरने सायलस नावाचा हीरो निवडला. हातात तुटलेल्या बेड्या घेऊन फिरणारा हा गडी समोरच्याचंच सगळ्यात मोठं अस्त्र चोरतो आणि त्याच्यावरच उलटवतो. पोरं खुर्च्या सोडून उभी राहिली. आणि तेवढ्यात खालून, गल्लीच्या पार टोकापासून, आरोळी उठली, ‘नळ आला!’

सोलापूरकराला या दोन शब्दांची ताकद सांगावी लागत नाही. चार दिवसांनी आलेलं पाणी फायनल-बियनल ओळखत नाही. ते तासा-दोन तासांत जातं आणि मग पुढचे चार दिवस तुम्ही आणि तुमचं नशीब. आत्या उठली. नुसती उभी राहिली, काही बोलली नाही. पाचही सपोर्ट खाली पळाले!

पुढचा अर्धा तास मी आयुष्यात विसरणार नाही. नळापासून जिन्यावर, जिन्यातून मोरीपर्यंत पाच पोरांची साखळी. बादल्या वर, रिकाम्या खाली. गच्चीच्या कठड्यावर मी, पडद्याकडे बघून खाली ओरडणारी कॉमेण्टेटर. ‘मधल्या रस्त्यावर मारामारी! फेकर आत घुसला!’ खालून आवाज, ‘किती मेले?’ ‘दोन! नाही, तीन!’ ‘आपले का त्यांचे?’ ‘त्यांचे!’ आणि जिन्यात बादल्यांसकट जल्लोष, निम्मं पाणी पायऱ्यांवर. ‘सांडू नका रे मेल्यांनो!’ हा आत्याचा बाइट वेगळाच. शेजारणीला वाटलं आमच्याकडे कुणी पडलं. ती बघायला आली आणि तीही वरच थांबली.

पिंप भरलं, माठ भरले, शेवटी दारातली रांगोळी वाचवून अंगण धुतलं आणि ओल्या चिंब पायांनी पोरं वर आली तेव्हा पडद्यावर दोन-दोन झालं होतं.

२८ वर्षांचा म्हातारा

हा फेकर कोण? ली सांग-ह्योक. चष्मा, साधा चेहरा, बोलणं मोजकं. २०१३ मध्ये सतराव्या वर्षी त्याने पहिला वर्ल्ड जिंकला, मग २०१५, मग २०१६. त्यानंतर सात वर्षं काही नाही. २०१७ ची फायनल हरून ढसाढसा रडला, २०२२ ची पुन्हा शेवटच्या गेमपर्यंत जाऊन हरला. २०२३ मध्ये मनगटाच्या दुखण्याने काही आठवडे बाहेर बसला आणि त्याच वर्षी सोलमध्ये चौथ्यांदा जिंकला. तो दिवस होता १९ नोव्हेंबर २०२३. हो, तोच! अहमदाबादला आपण ऑस्ट्रेलियाकडून वर्ल्ड कप हरलो तो रविवार. ही पोरं त्या दुपारी टीव्हीवर रोहितला आणि मोबाइलवर फेकरला बघत होती. संध्याकाळी रडावं की नाचावं हेच त्यांना कळेना.

या खेळात पंचविशीत माणूस ‘सिनियर’ होतो. बोटं मंदावतात म्हणे, नवी पोरं येतात. २०२४ च्या त्या रात्री फेकर अठ्ठावीस वर्षांचा होता आणि पहिल्या दिवसापासून एकाच टीममध्ये. मीही त्याच वयाच्या आसपासची. दोन वर्षांत तीन नोकऱ्या बदलून फ्रीलान्सिंगला लागलेली. एका माणसाने अकरा वर्षं एकाच खुर्चीत बसून एकच गोष्ट अधिकाधिक नीट करत राहणं हे मला अचानक फार थोर वाटायला लागलं.

पाचवा गेम. फेकरने गॅलिओ घेतला. पंखांचा, दगडाचा, अवाढव्य पुतळा. याचं काम शत्रूंच्या घोळक्यात उडी मारायची, सगळ्यांचा रोख स्वतःवर ओढून घ्यायचा आणि बाकीच्या चौघांना मोकळं रान करून द्यायचं. जगातला सगळ्यात मोठा स्टार, वर्ल्ड फायनलच्या शेवटच्या गेममध्ये, मार खायचं काम निवडतो! भावाने माझ्याकडे वळून नुसतं बघितलं. सपोर्टवाल्याला यापेक्षा मोठी दिवाळी भेट काय असणार?

शेवटची लढाई मी नीट सांगू शकणार नाही. एक दगडी पुतळा पुढे झेपावला, पडदा निळा-पिवळा झाला, काका ‘आता! आता!’ म्हणत उभे राहिले, बिलिबिलीचे खेळाडू एकेक करून विझत गेले आणि गड फुटला. टी-वन तीन-दोन. फेकरचा पाचवा वर्ल्ड, फायनलचा सर्वोत्तम खेळाडूही तोच. ई-स्पोर्ट्सची गणती ठेवणाऱ्यांच्या मते चीन सोडून जगभर एका क्षणी ६९ लाखांच्या आसपास स्क्रीन या फायनलवर होते. त्यातला एक आमचा कोरा तागा. गच्चीवर कोण कुणाच्या गळ्यात पडत होतं काही पत्ता नव्हता. आत्याने चष्मेवाल्या पोराला पडद्यावर कप उचलताना बघितलं आणि तिथूनच त्याच्यावरून बोटं मोडली.

मग एकदम शांतता झाली. फटाकेही थांबले होते. प्रोजेक्टरचा पंखा तेवढा घरघरत होता. पाचही जण कापडासमोर मांडी घालून बसले, निळ्या उजेडात, ‘नो सिग्नल’ कडे बघत. कुणीतरी म्हणालं, ‘परवा ह्या वेळेला...’ आणि पुढचं वाक्य कुणीच पूर्ण केलं नाही. काकांनी सुतळी सोडली. तागा परत गुंडाळला.

दहा सेकंदांची दोस्ती

दुसऱ्या दिवशी भाऊबीज झाली. ओवाळताना भावाने विचारलं, ‘ताई, तुझ्या फ्लॅटवर नेटचं स्पीड किती गं?’ ओवाळणीत त्याने मला चादर दिली, फुलाफुलांची. संध्याकाळी तो माझ्याबरोबरच पुण्याला आला. त्या आठवड्यात बाकीचे तिघेही निघाले.

पुढची फायनल ९ नोव्हेंबर २०२५ ला चीनमधल्या चेंगडूत झाली. रविवारची दुपार होती, म्हणजे गच्ची आणि प्रोजेक्टर तसेही बाद. भाऊ माझ्या फ्लॅटवर, दुसरा पुण्यातच क्लासच्या हॉस्टेलवर, एक हैदराबाद, एक बंगलोर आणि पाचवा सोलापुरात, मागांच्या शेजारच्या खोलीत. पाचही जण एका कॉलवर. समोर पुन्हा टी-वन, पुन्हा पाचवा गेम, पुन्हा तीन-दोन. या वेळी केटी रोल्स्टरविरुद्ध. फेकरचा सहावा, टी-वनचा सलग तिसरा.

गड फुटला तेव्हा मी भावाकडे बघत होते. त्याने तोंडावर हात दाबून धरला होता. कॉलवरही चिडीचूप. मला वाटलं नेट गेलं. मी काही बोलणार तोच त्याने बोटाने खूण केली, थांब. स्पीकरमधून फक्त मागांची खटक-खटक येत होती. सोलापूरचं स्ट्रीम या सगळ्यांच्या दहा सेकंद मागे होतं.

मग सोलापूरहून ‘जिंकलो बे!’ अशी आरोळी आली, आणि चार शहरांतून एकदम कल्ला झाला.

जायचंय सोलापूरला?

कसं जाल: पुण्याहून साधारण अडीचशे किलोमीटर. संध्याकाळची हुतात्मा एक्सप्रेस सोयीची, तिचं नाव जानेवारी १९३१ मध्ये फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांवरून. मुंबईहून फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारतही आहे.

काय बघाल: तळ्याच्या मधोमध असलेलं सिद्धेश्वर मंदिर आणि शेजारचा भुईकोट. जानेवारीत गेलात तर नंदीध्वजांची मिरवणूक चुकवू नका.

काय खाल: कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, धपाटे. थंडीत हुरडा. येताना शेंगापोळ्या बांधून आणा.

काय आणाल: चादर तर आणालच. पण पूर्व भागात कुणी ओळखीचं असेल तर दोन-तीन मीटर कोरं कापडही मागून घ्या. फायनलला उपयोगी पडतं!